आपलं कोणी नसलेलं गाव

लक्ष्मणराव ढोक्यांना एखाद्या गावाचं नाव सांगा. कोणतंही. तुम्ही नाव पुरतं उच्चारायच्या आत ते डोळे मिटतील, मांडीवर बोटं वाजवतील आणि तिथे आपलं कोण राहतं ते सांगतील. छिंदवाडा? साडूच्या भाच्याचं सासर. रायपूर? तिथे तर अर्धी पवनी जाऊन बसली आहे. एकदा जबलपुरात, चेरीतालच्या चहाच्या टपरीवर कोणी गंमत म्हणून लेह-लडाख म्हणालं, तर त्यांनी क्षणभर विचार केला आणि मिल्ट्रीतला एक वासनिक काढून दिला. या वासनिकाला ते जन्मात भेटले नव्हते. पण म्हणून काय झालं, आपला तो आपलाच.

आता अशा माणसाची बायको होऊन राहणं काय असतं, ते शेवंताबाईंना विचारा.

ढोक्यांच्या घरात एक नियम आहे. तो कोणी केला हे माहीत नाही, पण मोडायची कोणाची छाती नाही. ज्या गावात आपलं माणूस आहे, त्या गावात लॉजवर उतरायचं नाही. उतरलात तर त्या माणसाचं नाक कापल्यासारखं होतं, आणि मग ती गोष्ट तीन पिढ्या लग्नात-तेरवीत निघत राहते. बरं, घरी उतरायचं तर उतरा, पण पाहुणी बाई घरात शिरली की हातपाय धुऊन पहिली जाते ती स्वयंपाकघरात. "तुम्ही बसा नं वहिनी," असं घरच्या बाईने म्हणायचं असतं. "बसून काय करू, द्या इकडे लाटणं," असं पाहुणीने म्हणायचं असतं. दोघींपैकी एकीनेही आपलं वाक्य चुकवलेलं कोणी ऐकलं नाही. पुरुष मंडळी तेवढ्यात बाहेर पंख्याखाली पाय पसरतात. लक्ष्मणरावांना प्रवासाचा एवढा शौक उगाच नाही.

तर शेवंताबाईंनी अशी बरीच गावं पाहिली. बिलासपूर पाहिलं ते गॅसच्या वरच्या खिडकीतून. भिलाईच्या ओट्याला निळ्या टाइल्स होत्या हे त्यांना पक्कं आठवतं, भिलाई मात्र काही केल्या आठवत नाही.

वरून त्या मास्तरीण. सरकारी प्राथमिक शाळेत पहिली-दुसरीला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. म्हणजे गावभर एकच बोलणं, "मॅडम, तुमची तो मौज है, गर्मी की पूरी छुट्टी." हे ऐकलं की त्यांचं डोकं फिरायचं. कारण ती पूरी छुट्टी पवनीला जायची. पवनी हे भंडारा जिल्ह्यातलं ढोक्यांचं मूळ गाव. लक्ष्मणरावांचे वडील तिथून जबलपूरच्या फॅक्टरीत कामाला आले आणि चेरीतालला घर बांधून इथलेच झाले. पण लक्ष्मणरावांची धाकटी बहीण बेबीताई परत पवनीतच दिली. त्यामुळे मे लागला की गोंदियाची गाडी, पुढे बस, आणि बेबीताईचं अंगण. तिथे शेवया, कुरड्या, मुगवड्या, वर्षभराचं तिखट, आणि मधूनमधून लग्नं. जून लागला की शेवंताबाई शाळेत यायच्या त्या काळवंडून आणि मनगटं सुजवून. शाळा उघडली की त्यांना सुटल्यासारखं वाटायचं, आणि हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

त्यांचं स्वतःचं माहेर बालाघाटचं. आई होती तोवर दिवाळीनंतर चार दिवस तिथे जाणं व्हायचं. आई त्यांना सकाळी उठवायची नाही. बाकीच्यांनाही बजावून ठेवायची, "झोपू द्या तिला, पोरगी थकून आली आहे." आई गेली, भावांनी घर वाटून घेतलं, आणि ते झोपणं संपलं.

त्यांच्याच शाळेत सुहासिनी म्हणून एक मॅडम होत्या. या दरवर्षी नवऱ्याला घेऊन कुठेतरी जायच्या, कधी डोंगरात, कधी समुद्राकडे. तिथे हॉटेलात राहायच्या आणि तुकतुकीत होऊन परत यायच्या. शेवंताबाईंना त्यांचा हेवा नव्हता, कुतूहल मात्र भयंकर होतं. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडता उघडता विचारलंच.

"तिथे तुम्ही करता काय, दिवसभर?"

"काही नाही," सुहासिनी म्हणाल्या.

"म्हणजे सकाळी?"

"उठतो. चहा येतो. बसतो."

"आणि मग?"

"मग काय, ढोके मॅडम, बसतोच."

शेवंताबाईंचा विश्वास बसला नाही. काहीतरी असणार, ही बाई सांगून नाही राहिली. नुसतं बसून एखाद्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं कशी जातील? पोरांना गणित न समजल्यावर ती जशी दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत बसतात, तशा त्या ही गोष्ट मनात घोळवत राहिल्या. चांगली काही वर्षं घोळवत राहिल्या.

आणि मग त्यांच्या रिटायरमेंटचं वर्ष उगवलं. ऑगस्टात त्या सुटणार होत्या. लोक हार आणतील, शाल देतील, म्हणतील, आता आराम करा. शेवंताबाईंना पुढचं सगळं लख्ख दिसत होतं. मुलगा अश्वजीत इंदोरला नोकरीला, सून एकताही नोकरीवाली, आणि तिला पावसाळ्याच्या शेवटी बाळ होणार होतं. अश्वजीतने सांगून टाकलं होतं, "आई, तू आता इकडेच ये." त्या जाणारच होत्या, आनंदाने जाणार होत्या. नातवंडाला अंगावर घ्यायला कोणाला आवडत नाही? पण सुट्टी नोकरीवाल्याला असते. रिटायर झालेल्या बाईला सुट्टी कोण देणार? म्हणजे हा मे शेवटचा. हा गेला की गेला.

एप्रिलात एका सकाळी त्यांनी नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाल्या, "यंदा मी पवनीला येत नाही. मला अशा गावाला जायचं आहे, जिथे आपलं कोणी नाही."

लक्ष्मणरावांना हे कोडं फारच आवडलं. ते रागावले नाहीत, दुखावले नाहीत, उलट डोळे मिटून कामाला लागले. पचमढी? तिथे बेबीच्या नणंदेचा जावई फॉरेस्टात आहे. अमरकंटक? तिथे रामटेके गुरुजी. पुरी? थांब, पुरीला, पुरीला... आणि दुपारपर्यंत पुरीलाही रेल्वेतला एक जण सापडला. संध्याकाळी त्यांनी मोठ्या खुशीत येऊन सांगितलं, "पचमढीवाल्याला फोन करून टाकला मी. लय खूश झाला. म्हणे, मामीच्या हातची भाजी खाऊन किती दिवस झाले."

शेवंताबाई रागावल्या की ओरडत नाहीत. वर्गात बोलतात तशा हळू आणि सुटं सुटं बोलतात, आणि ते जास्त वाईट असतं.

"त्याला परत फोन करा," त्या म्हणाल्या. "मामी मेली म्हणून सांगा."

लक्ष्मणराव चपापले. त्यांनी तसं सांगितलं नाही अर्थातच, पण फोन केला. आणि दोन दिवस घरात गावांची नावं निघाली नाहीत.

उत्तर शेवटी शेवंताबाईंनाच सापडलं, तेही पहिलीची पोरं पाढे घोकत असताना. त्या घरी आल्या आणि चपला काढायच्या आधी म्हणाल्या, "जबलपूर."

"जबलपूरला तर आपण आहोत," लक्ष्मणराव म्हणाले.

"तेच तर. दुसऱ्या गावाहून येतो तो आपल्याकडे उतरतो. आपण कोणाकडे उतरणार? रांझीला तुमची चुलत मंडळी आहेत, पण गावातल्या गावात कोणी मुक्कामाला जातं का? या एका गावात पाहुणचार मी करते, आणि मी नाही करणार."

लक्ष्मणरावांनी डोळे मिटून पाहिलं. यात त्यांना खोट सापडेना.

अश्वजीतने मोबाइलवरून नर्मदेवरच्या ग्वारीघाटजवळच्या एका गेस्ट हाउसमध्ये खोली बुक केली. फोनवर तो पोट धरून हसला. "आई, चेरीतालहून ग्वारीघाट? ऑटोने?" शेवंताबाई म्हणाल्या, "हो, ऑटोने. आणि कोणाला सांगायचं नाही."

आता लक्ष्मणरावांना खोटं बोलता येत नाही, हा एक त्रासच आहे. शेजारच्या वैष्णवीकडे कुंड्यांना पाणी घालायचं सांगायला गेले, तर तिने विचारलंच, "अंकल, कहाँ चले?" ते कानाची पाळी ओढत म्हणाले, "बस, नर्मदाजी की तरफ." वैष्णवीला वाटलं अमरकंटक, आणि तिने गल्लीभर तसं सांगितलं. यांनी ते दुरुस्त केलं नाही, एवढाच यांचा गुन्हा. उन्हं चढायच्या आत दोघं एक बॅग घेऊन कोपऱ्यापर्यंत चोरासारखे चालत गेले आणि ऑटोत बसले.

खोली वरच्या मजल्यावर होती. गॅलरी होती, गॅलरीतून घाट दिसत होता, नावा दिसत होत्या. शेवंताबाईंनी आधी सगळी खोली तपासली. कपाट उघडून पाहिलं, आत लाकडी हँगर लटकत होते. बाथरूममध्ये साबणाची एवढीशी वडी होती, ती हुंगून पाहिली. पलंगावरची चादर इतकी ताणून खोचली होती की ती सोडवायला जोर लावावा लागला. मग त्यांनी सगळीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि खात्री करून घेतली. स्वयंपाकघर नव्हतं. शेगडी नव्हती, ओटा नव्हता, साधा पोळपाटसुद्धा कुठे टेकवून ठेवलेला नव्हता. एवढ्या आनंदाने त्यांनी रिकामी जागा आयुष्यात पाहिली नसेल.

पण आनंद वेगळा आणि सवय वेगळी. योगेंद्र नावाचा तिथला माणूस चहाचा ट्रे घेऊन आला, तर या उठून दारापर्यंत गेल्या आणि त्याच्या हातून ट्रे घेतला. चहा झाल्यावर कप बेसिनमध्ये धुऊन पालथे घातले. सकाळी तो पोहे-जलेबी घेऊन आला तेव्हा चादर घडी घालून ठेवलेली, उशा रचलेल्या, टेबल पुसलेलं आणि शेवंताबाई टॉवेल पिळत उभ्या. बिचारा घाबरला.

"आंटी जी, आप ये सब मत कीजिए. मालिक देखेंगे तो समझेंगे मैंने करवाया."

लक्ष्मणराव खुर्चीत पेपर वाचत होते. ते म्हणाले, "शेवंता, बस नं." पवनीला बेबीताईसुद्धा हेच म्हणायची. फरक एवढाच, की इथे पुढचं वाक्य म्हणायला लाटणं नव्हतं.

मग त्या बसल्या. दुपारी आडव्याही झाल्या. आणि काय सांगावं, झोप येईना. पंखा होता, पडदे होते, पोट भरलेलं होतं, तरी कान उभेच. कुठेतरी कुकर लागलाय, कुठेतरी दूध वर येतंय, असं अर्ध्या झोपेत वाटायचं आणि त्या दचकून उठायच्या. माणसाला आराम करता येत नाही म्हणजे काय? गाय करते, मांजर करतं, वर्गातली सगळ्यात ढ पोरंसुद्धा किती सुंदर करतात. शेवंताबाईंना स्वतःची लाज वाटली आणि मग, त्या हाडाच्या मास्तरीण असल्यामुळे, नवल वाटायला लागलं. येत नाही तर शिकायला पाहिजे. पण कोणाकडून?

त्या गॅलरीत जाऊन बसल्या आणि बघू लागल्या. दुपारच्या उन्हात घाट ओस पडला होता. एक नाववाला ताडपत्रीच्या सावलीत नावेतच पसरला होता, तोंडावर गमछा, एक पाय बाहेर लोंबता. गिऱ्हाईक आलंच तर ते हाक मारेल, हे त्याने गृहीत धरलं होतं. फुलांचे द्रोण विकणारी म्हातारी मोठ्या छत्रीखाली बसली होती. सकाळी तिची बोटं झेंडू ओवताना दिसत नव्हती इतकी भरभर चालायची. आता फुलं शेजारीच होती, सुई होती, दोरा होता, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. शेवंताबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ती झोपली नव्हती. डोळे उघडे होते. ती पाण्याकडेही बघत नव्हती. संध्याकाळच्या आरतीला गर्दी होणार, तेव्हा तिला उसंत मिळणार नव्हती, हे तिला ठाऊक होतं, आणि म्हणून ती आत्ता काही करत नव्हती. एवढं सरळ होतं ते.

मग शेवंताबाईंनीही तसे हात ठेवून पाहिले. आधी विचित्र वाटलं. नंतर खांदे दुखले, म्हणजे दुखत होतेच, ते आत्ता कळलं. मग मान. मग पाठीचा तो मधला भाग, जो त्यांना वाटायचं की वयामुळे तसाच असतो. इतकं सगळं दुखत होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं त्यांना फार नवल वाटलं. लक्ष्मणरावांना त्यांनी तसं सांगितलं.

"डॉक्टरकडे जाऊ का?" ते काळजीने म्हणाले.

"नको," त्या म्हणाल्या. "दुखू द्या. बरं वाटून राहिलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना जाग आली तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं आणि चहा गार झाला होता. बालाघाटनंतर पहिल्यांदा. त्यांनी तो गार चहा प्यायला आणि कप तसाच, न धुता, टेबलावर ठेवला. तोंडावर काहीतरी वेगळं होतं म्हणून आरशात पाहिलं. तुकतुकीत वगैरे काही नव्हत्या झाल्या. पण कपाळावरची आठी गेली होती.

आणि नेमका तेव्हाच लक्ष्मणरावांचा फोन वाजला. वैष्णवी होती. लक्ष्मणराव ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"बेबी आली आहे," ते फोन खाली ठेवून म्हणाले. "आपल्या दाराशी बसली आहे. बॅग घेऊन. कुलूप पाहून."

बेबीताई न कळवता यायची, त्यात नवीन काही नव्हतं. माहेरी यायला कोणी कळवत असतं का? चेरीतालचं घर तिचं माहेर. तिच्या बापाने बांधलेलं. आणि आज माहेरच्या दाराला कुलूप बघून ती पायरीवर बसली होती, भर मे महिन्यात.

शेवंताबाई चपला शोधायला उठल्या. पण दुसऱ्याच क्षणी असा राग आला, की त्या परत पलंगावर बसल्या. एक मे. आयुष्यातला एकच मे महिना. तोही दोन दिवसांत संपला.

"चल," लक्ष्मणराव बॅग काढत म्हणाले. "सामान भर."

"मी येत नाही."

"अगं, ती उन्हात..."

"तुम्ही जा. घर उघडा. तांदूळ आहेत, डाळ आहे, आंबे आहेत. कुकर लावायचा असतो, तो शिका." त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता. "मी आजवर तुमच्या एका पाहुण्याला नाही म्हटलं का? म्हटलं असेल तर सांगा. तुमच्याकडे मी काही मागितलं नाही, हे मागितलं. मला उठायचं नाही इथून."

लक्ष्मणराव दारात उभे राहिले. मग हातातली बॅग खाली ठेवून निघून गेले.

ते गेल्यावर शेवंताबाई रडल्या. चांगल्या ढसाढसा रडल्या. बेबीताईचा राग आला, नवऱ्याचा आला, आणि त्या बाईला पायरीवर बसवून आपण पलंगावर बसलो म्हणून स्वतःचा सगळ्यात जास्त आला. अशाने कसली सुट्टी? तासाभराने त्यांनी डोळे पुसले, कप धुतले, चादर नीट केली आणि बॅगेत साड्या भरायला घेतल्या. जाणारच होत्या त्या. कुकर लावता न येणाऱ्या माणसाच्या हवाली नणंदेला कोण करतं?

निम्मी बॅग भरली असेल, तेवढ्यात दार उघडलं. लक्ष्मणराव घामाघूम होऊन उभे होते आणि त्यांच्या मागे बेबीताई.

"इकडेच घेऊन आलो," ते बॅगेकडे बघत म्हणाले. "घरी नेलं असतं तर तू आलीच असती मागून. मला माहीत आहे नं."

शेवंताबाईंनी हातातली साडी बॅगेत आपटली. हा माणूस पाहुणी थेट सुट्टीतच घेऊन आला होता. पण बेबीताईकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्या थांबल्या. एरवी बेबीताई म्हणजे उंचीपुरी, खणखणीत, गल्लीच्या टोकापासून आवाज देणारी. आज ती भिंत धरून आत आली. आली, आणि सवयीने इकडेतिकडे बघू लागली.

"पाणी कुठी ठेवता, वहिनी? स्वयंपाक कोणीकडे?"

"स्वयंपाक नाही इथे."

"मंग जेवता काय?"

"खालून येतं. योगेंद्र आणून देतो."

"आपल्यातला आहे का?"

"नाही," शेवंताबाई म्हणाल्या. "इथे आपलं कोणीच नाही."

बेबीताई पलंगाच्या कडेवर टेकली. इतकी अवघडून, की जणू कोणी उठवायला येणार आहे. लक्ष्मणराव सरबत सांगायला खाली गेले, आणि मग ती बोलली. तिला चक्कर आली होती. शेवयांचं पीठ तिंबता तिंबता ती अंगणातच पडली. डॉक्टर म्हणाला, रक्त कमी आहे, आराम करा. मुलगा म्हणाला, आई, पडून राहा.

"पडली मी," बेबीताई म्हणाली. "पण सुना उन्हात शेवया करून राहिल्या, अन् मी घरात पडून. मले लाज वाटे. उठायची अन् पुन्हा चक्कर. शेवटी म्हटलं, जबलपूरला जावं. वहिनीकडे चार दिवस पडून राहीन."

"माझ्याकडे तुम्ही कधी पडून राहिलात, बेबीताई?" शेवंताबाईंच्या तोंडून निघून गेलं. "दिवाळीआधी आलात की चकल्या तुमच्या हातात. मी म्हणते बसा, तुम्ही बसता का?"

"कशी बसू? तुमची शाळा. तुम्ही संध्याकाळी दमून यायच्या, तोंड एवढंसं झालेलं. मी काय पाटावर बसून खाऊ?" बेबीताई जरा तिखट झाली. "अन् तुम्ही कधी बसल्या माझ्या घरी? गाडीतून उतरल्या की पीठ घेऊन बसायच्या. मी तुमच्या मे महिन्याची वाट पाहायची, वहिनी. वाटे, वहिनी येतील, आपण दोघी बाजेवर बसू, बोलू, दुपारी पडू. तुम्ही कामाला लागल्या की मले कशी बसवेल? मीही लागायची. तुम्ही गेल्या की मी आठ दिवस अंग धरून बसायची."

"मीही," शेवंताबाई म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं एकमेकींना ओळखत होत्या, पण ओळखत होत्या त्या बाजूने. एकीच्या उजव्या खांद्याशी दुसरीचा डावा, मध्ये परात. अशा समोरासमोर, रिकाम्या बसून त्यांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. बेबीताईच्या डोळ्यांखाली काळं होतं. गालाचं हाड वर आलं होतं. ही कधी म्हातारी झाली?

यात चूक कोणाची होती, ते शोधत बसू नका. एक बाई थकून दुसरीच्या घरी विसाव्याला जाते, तिथली थकलेली दिसते म्हणून तिचं काम उचलते, मग ती लाजून दुप्पट काम करते, आणि सहा महिन्यांनी हेच उलट. दोघींची माया खरी होती. पण त्या मायेने दोघींच्या कमरा मोडल्या, आणि मला विचाराल तर याचा राग यायलाच हवा.

सरबत आलं. ते पिऊन झाल्यावर बेबीताईने ग्लास धुवायला उचलला. शेवंताबाईंनी तो तिच्या हातातून काढून टेबलावर ठेवला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "आडव्या व्हा."

"अन् तुम्ही?"

"मीही होते. पहिल्या दिवशी जमत नाही. मी जवळ आहे."

बेबीताई भिंतीकडे तोंड करून निजली, तिच्या शेजारी शेवंताबाई. पंखा फिरत होता. थोड्या वेळाने बेबीताईचा श्वास जड झाला, आणि मग ती घोरायला लागली, अगदी लक्ष्मणरावांसारखी, घराण्याचंच घोरणं ते. लक्ष्मणरावांनी दोघींकडे पाहिलं, खुर्ची उचलली आणि पाय न वाजवता बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवली.

शेवंताबाईंचा डोळा लागला होता की नव्हता, कोण जाणे. फोनची घंटी त्यांनी ऐकली. दाराला फट होती, त्यामुळे पुढचंही सगळं ऐकू आलं.

"हां, बोल जगदीश," लक्ष्मणराव म्हणाले. मझौलीचा जगदीश हा त्यांचा चुलत पुतण्या. "अच्छा... सासरची मंडळी? किती जण? ... अच्छा, अच्छा. भेडाघाट दाखवायला."

शेवंताबाईंचं अंग पलंगावर असतानाच आखडलं. भात किती लागेल, गाद्या किती आहेत, हे डोक्यात सुरूही झालं. आता ते म्हणतील, या नं, घर आपलंच आहे.

"नाही, घरी नाही आम्ही," लक्ष्मणराव म्हणत होते. "तसं नाही रे, जबलपुरातच आहोत... हां, काकूही आहे... तब्येत चांगली आहे तिची."

मग बराच वेळ नुसतं हं, हं. पलीकडून जगदीश बोलत असणार.

"काहून म्हणजे," लक्ष्मणराव शेवटी म्हणाले. "झोपली आहे ती, बापा. मी आत्ता पाहिलं तिला दिवसा झोपलेलं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि आज पाहिलं मी. नका येऊ. त्यांना लॉजवर उतरव. पुढच्या वेळी या, मी स्वतः भात लावीन... वाईट वाटू दे. वाटलं तर वाटलं."

शेवंताबाईंना त्या क्षणी उठावंसं वाटलं. उठून दार उघडावं, फोन हातातून घ्यावा, आणि म्हणावं, अरे जगदीश, काका काहीतरीच बोलतात, या तुम्ही सगळे. वाक्य जिभेवर तयार होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहून उशीत जात होतं, कारण त्या माणसाने आजवर कोणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि ते किती जड गेलं असेल हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार.

बाहेर फोन बंद झाला. लक्ष्मणरावांनी दाराच्या फटीतून आत डोकावून पाहिलं. शेवंताबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या उठल्या नाहीत. त्यांनी दार हळूच लावलं जाईपर्यंत वाट पाहिली, बेबीताईच्या अंगावरची चादर थोडी आपल्याकडे ओढली, आणि झोपल्या.